फुली म्हणजे हो

सासू आपल्याकडेच राहावी म्हणून सून झुरते आहे असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की सासूच्या नावावर काहीतरी मोठं असणार. तसं काही नव्हतं. म्हाताऱ्या बाईच्या नावावर एक जुनं शिलाई मशीन, दोन चष्मे आणि नुकताच प्लास्टरमधून निघालेला उजवा हात, एवढीच मालमत्ता होती. तिच्यासाठी थोरली सून धाकटीशी भांडत होती. पण भांडत होती मनातल्या मनात, त्यामुळे आपल्याशी कुणी भांडतंय याचा धाकटीला पत्ताच नव्हता. आणि थोरलीला सगळ्यात जास्त झोंबायचं ते हेच.

घर दोन मजली. खाली थोरली आणि तिचा नवरा, वर धाकटी आणि तिचा नवरा, मध्ये एक अरुंद जिना. सासूचा पलंग खाली, औषधांचा डबा खाली, चपला खाली. थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून, मान तिरकी करून, कुठल्या कानामागे किती सैल आहे ते ती बघताक्षणी सांगायची. घरातही तिची नजर तशीच. कुणाच्या ताटात काय पडलं, कुणाची चौकशी आधी झाली, ‘बरं झालं बाई तू होतीस’ हे वाक्य कुणाच्या वाट्याला किती वेळा आलं, याचा जमाखर्च तिच्या डोक्यात चोख असायचा. आणि या हिशेबात सासू ही तिची कायम ठेव होती. मुद्दल सुरक्षित, व्याज चालू.

मग थोरल्याची बदली झाली. दुसऱ्या गावी कंपनीचा फ्लॅट मिळाला, सामान हलवायचं ठरलं. आई कुठे राहणार हा प्रश्न थोरलीला पडलाच नव्हता. तिनं आपलं सहज विचारलं, आई, तुमच्या कपड्यांची बॅग कधी भरायची?

“बघू,” सासू म्हणाली.

या घरात ‘बघू’ हा शब्द आजवर फक्त विमा विकायला येणाऱ्यांनी ऐकला होता. थोरली भांडी पुसत होती, ती तशीच पुसत राहिली. पण कायम ठेवीची पावती हातात असताना बँकेला टाळं दिसावं, तसं तिचं झालं.

याचं कारण वरच्या मजल्यावर होतं, आणि ते गुणगुणत होतं.

धाकटीचा भाऊ मालवाहू बोटीवर वायरमन होता. कुठल्याशा लांबच्या देशातल्या बंदरात त्यानं एक व्हिडिओ गेमचं यंत्र जुन्या बाजारातून उचललं आणि सुट्टीवर येताना बहिणीला आणून दिलं. यंत्र देखणं होतं, पण त्याचे नखरे भारी. त्याची पिन इथल्या सॉकेटमध्ये बसेना. बसवली तरी तिकडची वीज इकडच्यापेक्षा मवाळ, इकडची सरळ दिली तर यंत्र जळून जाईल, म्हणून भावानं सोबत एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणला होता. तो इतका जड की धाकट्यानं तो एकदा जमिनीवर ठेवला तो तिथेच राहिला. यंत्र चालू असलं की तो घूं घूं करायचा. पडद्यावरची अक्षरंही तिकडचीच. काड्यापेटी सांडल्यावर काड्या पडाव्यात तशी. त्यातलं एकही अक्षर घरात कुणाला वाचता येत नव्हतं.

त्यात बागेचा एक खेळ होता. जमीन खणायची, बी पेरायचं, पाणी घालायचं आणि वाट बघायची. डॉक्टरांनी सासूला बोटं हलवायला सांगितली होती. त्यासाठी थोरली रोज कामावरून आली की सासूच्या हातात रबरी चेंडू द्यायची, ‘दाबा आई, अजून एकदा’ म्हणायची आणि सासू चेंडूकडे वैऱ्यासारखं बघायची. धाकटी नर्स होती, सकाळची पाळी करून दुपारी घरी यायची. तिनं एक दिवस गंमत म्हणून यंत्राचा कंट्रोलर सासूच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत सासूनं मुळे लावले होते.

अक्षरं येत नव्हती म्हणून अडलं नाही. दोघींनी पडद्याला स्वतःची नावं ठेवली. यंत्र काही विचारायचं तेव्हा लाल चौकोन यायचा, ती ‘लाल पाटी’. बाग जपून ठेवली की एक प्राणी मान हलवायचा, तो मूळचा कोण होता देव जाणे, यांनी त्याचं ‘हसरं गाढव’ केलं. पाऊस यायच्या आधी छत्रीवाला माणूस दिसायचा, त्याला ‘भावजी’. थोरली संध्याकाळी दार उघडायची तेव्हा खालचा पलंग रिकामा असायचा आणि वरून ऐकू यायचं, “भावजी आले गं, बी झाकून घे.” मग दोघींचं हसणं. थोरलीनं सासूला इतक्या वर्षांत औषध दिलं, डोळे तपासून दिले, दोन्ही चष्मे स्वतःच्या हातानं बसवून दिले. पण सासू आणि ती मिळून कुठल्या गाढवाला कधी हसल्या नव्हत्या.

इथे एक गोष्ट वाचणाऱ्याला सांगून ठेवायला हवी, कारण थोरलीला ती कुणी सांगितली नाही. कंट्रोलरवर बटणं होती, त्यांतल्या एकावर गोळा आणि एकावर फुली. ज्या देशात ते यंत्र जन्मलं, तिथे मास्तर बरोबर उत्तराला गोळा करतात आणि चुकीच्या उत्तराला फुली मारतात म्हणे. त्यामुळे यंत्रालाही गोळा दाबला की ‘हो’ कळायचं आणि फुली दाबली की ‘नाही’. इकडच्या दुकानांत मिळणारी यंत्रं याच्या नेमकी उलटी. त्यांत फुली म्हणजे हो. धाकटी सुरुवातीला गोंधळली. सासूनं दुसरं यंत्र आयुष्यात पाहिलेलंच नव्हतं, ती कशाला गोंधळते.

थोरली वर जायची नाही असं नाही. रविवारी जायची, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. सासू पडद्यावरून नजर न हलवता म्हणायची, आलीस का, बस. धाकटी लगेच दुसरा कंट्रोलर पुढे करायची, ताई घ्या ना, बागेत आमच्यासारखी तुमचीही एक बाहुली करू. थोरली म्हणायची, मला कुठे वेळ. म्हणताना सासूच्या बोटांकडे बघायची. बोटं भराभर वळत होती. शेजारची कुणी आली की सासू हात पुढे करून मिरवायची, बघा, धाकटीच्या यंत्रानं हात सुधारला. रबरी चेंडूचं कुणी नावही काढत नव्हतं. तो खाली, पलंगाखाली, धुळीत.

शेवटी थोरलीनं विचार केला की यंत्र त्यांचं असेल, खेळ तर आपण देऊ शकतो. तिच्या दुकानाच्या रस्त्यावर एक मोबाईल दुरुस्त करणारा होता, तो गेमच्या डिस्कही विकायचा. त्याच्याकडून तिनं मासे पकडायच्या खेळाची डिस्क घेतली, रंगीत कागदात गुंडाळून घेतली आणि रविवारी सगळ्यांसमोर सासूच्या मांडीवर ठेवली. सासूचा चेहरा खुलला. धाकटी काहीतरी बोलणार होती, पण सासूनं तोवर डिस्क यंत्रात सारली होती. यंत्रानं ती आत घेतली, जरा घुटमळलं, आणि लहान मूल कडू औषध जिभेनं बाहेर ढकलतं तशी ढकलून दिली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर.

“अहो ताई, ही इकडची आहे ना,” धाकटी अगदी मायेनं म्हणाली. “याला इकडचं काही चालत नाही. याला सगळं माहेरचंच लागतं.”

सासू हसली. धाकटा हसला. थोरला, जो सहसा हसत नाही, तोही हसला. थोरलीही हसली, कारण न हसून कुठे जाते. पण ‘माहेरचं’ हा शब्द तिनं खाली नेला. धाकटीचं माहेर म्हणजे बोटीवरचा भाऊ. म्हणजे यंत्र माहेरचं, खेळ माहेरचा, आता सासूही माहेरची झाली. आपण काय ते इकडचे, तोंडात घातल्यावर बाहेर ढकलायचे.

दुसऱ्या दिवशी ती डिस्क परत करायला गेली. आवडली नाही, एवढंच म्हणाली. मोबाईलवाला बदलून देतो म्हणाला, तिनं नको म्हटलं आणि मग काचेवरची धूळ बोटानं पुसत, भाच्यासाठी विचारतेय अशा आवाजात विचारलं, की यंत्रात काही पुसून टाकायचं असेल तर कसं करतात.

“कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं, तिथे जायचं,” तो म्हणाला. “मग ते विचारतं, नक्की का. फुली दाबायची. फुली म्हणजे हो.”

“नक्की?”

“सगळीकडे तसंच. मशीन बाहेरचं वगैरे नाही ना?”

आता खरं सांगायचं तर एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द म्हणजे जावेकडे बाहेरची वस्तू आहे, अशी वस्तू की जी या रस्त्यावर कुणाकडे नाही, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करणं. ते थोरलीच्या घशातून वर येईना.

“छे,” ती म्हणाली. “इथलंच. साधंच आहे.”

शनिवारी दुपारी धाकटी सासूला घेऊन डॉक्टरांना हात दाखवायला गेली. निघताना सासू जिन्यावर थांबली आणि म्हणाली, उद्या सकाळी सगळे आहात, तेव्हा माझं काय ते सांगते. थोरलीनं डोकं दुखतंय म्हणून दुकानातून सुट्टी घेतली होती. वरच्या घराची किल्ली खाली खिळ्याला असायचीच. ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबल्यावर तो घूं करून जागा झाला, तेव्हा तिच्या छातीत त्याहून मोठ्यानं घूं झालं.

बाग उघडली. तिनं ती इतकी जवळून आजच पाहिली. मुळ्यांच्या सरळ रांगा, कडेला पिवळी फुलं, एक विहीर, एक बाक. बाकावर पांढऱ्या अंबाड्याची बाहुली बसलेली, नाकावर चष्मा. ती फ्रेमसुद्धा सासूसारखीच गोल. शेजारी दुसरी बाहुली, नर्सच्या टोपीची, हातात झारी घेऊन. बाकावर तिसरीला जागा होती. तिसरी नव्हती. ती का नव्हती, हे थोरलीला माहीत होतं, स्वतःच तर नको म्हटलं होतं. पण मत्सराला असले तपशील चालत नाहीत. तिला एवढंच दिसलं की बाग पुसली की दोघींचं वरचं बस्तान पुसलं, मग सासूला इथे धरून ठेवायला उरतं काय?

कचऱ्याचा डबा कुठल्याही भाषेत कचऱ्याचा डबाच असतो. तो तिला सापडला. लाल पाटी आली. खाली काड्यांची दोन वाक्यं. थोरलीनं डोळे मिटले आणि फुली दाबली. पुढचं बघायची तिला हिंमत झाली नाही. तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, किल्ली खिळ्याला लावली आणि खाली येऊन खरोखरच डोकं दाबत बसली.

वर लाल पाटीनं तिचं ‘नाही’ ऐकलं होतं आणि बाग जशीच्या तशी ठेवली होती.

हे थोरलीला ठाऊक नसल्यामुळे तिची रात्र वाईट गेली. संध्याकाळी सासू परत आली तेव्हा थोरलीनं उशीला धुतलेला अभ्रा घातला, न मागता चहा दिला, गुडघ्याला तेल लावू का विचारलं. सासूनं तिच्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. तुला बरं नाही ना, मग तू पड की, असं म्हणाली.

रविवारी सकाळी सगळे वर जमले. थोरला सामानाच्या ट्रकची वेळ सांगत होता आणि आईकडे बघत होता. धाकटा पेपरामागे होता. सासू म्हणाली, सांगते, पण आधी पाणी घालून घेते, मुळे सुकतील. धाकटी ट्रान्सफॉर्मरजवळ वाकली. टीव्ही अजून काळाच होता.

आणि थोरलीच्या तोंडून निघून गेलं, “आई, मनाला लावून घेऊ नका हं. एवढी लावलीत, पुन्हा लावाल. मी बसेन ना तुमच्याजवळ.”

धाकटीचा हात बटणावर तसाच राहिला. पेपर खाली आला.

“का गं?” सासू म्हणाली. “बागेला काय झालं?”

धाकटीनं बटण दाबलं. घूं झालं, आणि पडदाभर बाग उघडली. मुळे, फुलं, विहीर, बाक, बाकावर म्हातारी. थोरली त्याच्याकडे अशी बघत राहिली, की जणू आपण खड्डा खणून पुरलेलं कुणी दारातून चहा मागत आत आलं आहे.

सासूनं कारण विचारलं नाही. तिनं फक्त विचारलं, “कुठवर गेली होतीस?”

“लाल पाटीपर्यंत.”

“आणि काय दाबलंस?”

“फुली.”

धाकटीनं सुटकेचा श्वास टाकला. ती चांगल्या स्वभावाची होती, आणि चांगल्या स्वभावाची माणसं वेळेला धावून येतात. “मग झालं तर,” ती घाईघाईनं म्हणाली. “आई, फुली म्हणजे नाही. ताईंनी नाहीच म्हटलं. नुसत्या बघायला गेल्या असतील, चुकून पाटी आली, त्यांनी नको म्हणून दाबलं. हो ना ताई?”

दार उघडं होतं. थोरलीनं नुसती मान हलवायची होती. ती अब्रूनं बाहेर पडली असती, खाली गेली असती, कुणी पुन्हा विषय काढला नसता. पण ते दार धाकटीनं उघडलं होतं. यंत्र धाकटीचं, हात सुधारला तो धाकटीमुळे, आणि आता आपली अब्रूही धाकटीच्याच हातून घ्यायची, पुढे जेव्हा भेटू तेव्हा मनात तिचे आभार मानायचे. थोरलीनं डोक्यात तो आकडा मांडून पाहिला आणि तिला तो परवडेना.

“नाही,” ती म्हणाली. “मला वाटलं फुली म्हणजे हो. मी हो म्हणूनच दाबली.”

थोरल्यानं तोंडावर हात ठेवला. सासूनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि ती धाकटीकडे वळली.

“मी हिच्याबरोबर गेले तर तुला चालेल?”

“आई, तुम्हाला जिथे बरं वाटेल तिथे राहा,” धाकटी म्हणाली. “माझं काहीच म्हणणं नाही.”

उत्तर इतकं समंजस होतं की चौकटीत घालून भिंतीवर लावावं. धाकट्यानं कौतुकानं बायकोकडे पाहिलंसुद्धा. फक्त म्हातारीनं ‘हं’ केलं, आणि त्या ‘हं’मध्ये धाकटीची कुठलीतरी मोठी रक्कम वजा झाली. तिला ते तेव्हा कळलं नाही.

“ट्रकवाल्याला सांग, माझा पलंगही आहे,” सासू थोरल्याला म्हणाली. त्याला ते उमगेना. आई, हिनं असं केल्यावरही, असं तो पुटपुटला, तेव्हा तिनं त्याला समजावलं, “एकीचं काहीच म्हणणं नाही. आणि एकीचं एवढं म्हणणं आहे की ती किल्ली घेऊन चोरासारखी वर आली. माझ्यापायी आजवर कुणी चोरी केली नव्हती रे. तुझ्या वडलांनीसुद्धा नाही.” मग थोरलीकडे न बघता, “पुन्हा माझ्या मुळ्यांना हात लावलास तर मात्र तुझी गाठ माझ्याशी आहे.”

धाकटीनं यंत्रही देऊन टाकलं. मी एकटी काय खेळणार, असं म्हणाली, आणि म्हणताना तिच्या मनात खरोखरच काही नव्हतं. ट्रान्सफॉर्मर दोघा हमालांनी कुरकुरत खाली नेला. जिथे तो होता तिथे फरशीवर एक चौकोनी डाग राहिला.

सुरुवातीचे दिवस तिला बरं वाटलं. दुपारी येऊन झोपायला मिळत होतं. मग झोप येईना. पाळी संपवून जिना चढताना ती खालच्या बंद दाराकडे बघायची, वर येऊन खिडकी उघडायची, मग पुन्हा लावायची. नवरा म्हणाला, घर किती शांत झालं नाही? तिनं त्याला विनाकारण झापलं.

एका सुट्टीच्या दिवशी तिनं सासूला फोन लावला. फोन थोरलीनं उचलला. मागे घूं घूं चालू होतं. सासूनं ‘बरी आहे, बरी आहे’ म्हणून दोन वाक्यं उरकली, आवाज तिकडे पडद्याकडेच वळलेला. मग एकदम ती ओरडली, “अगं पळ, जावईबापू सुटले.” आणि थोरली हसली. थोरलीचं असं हसणं धाकटीनं इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. पोटातून आलेलं, बेसावध.

“ताई, जावईबापू कोण?” धाकटीनं विचारलं.

“ते होय,” थोरली धापा टाकत म्हणाली. “ते नवीन आहे. ते तुला नाही कळायचं.”

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं, धाकटीला तो परत करता आला असता. पण थोरलीला खरंच वेळ नव्हता. ठेवते हं, असं म्हणून तिनं फोन ठेवलासुद्धा.

धाकटी फोन हातात घेऊन बसून राहिली. जावईबापू म्हणजे डुक्कर असेल की कोंबडा, याचा तिनं विचार करून पाहिला. बाकावर आता कोण बसत असेल, नर्सच्या टोपीची बाहुली त्यांनी ठेवली असेल की काढली असेल, याचाही केला. मग तिनं बोटीवरच्या भावाला मेसेज पाठवला, की पुढच्या खेपेला त्या बंदरात गेलास तर आणखी एक यंत्र बघ, तसलंच, तोच खेळ, आणि ट्रान्सफॉर्मर मोठा आण.

भावाचं उत्तर आलं, की तुला तर त्याची आवड नव्हती, आहे तेही देऊन टाकलंस म्हणे.

तिनं ते वाचलं. खाली लिहिलं, “लवकर आण.” आणि मग, जरा थांबून, “ताईंना कळू देऊ नकोस.”